धाव : दोन वाटांच्या चाकाची कथा

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढविलेली असते तिला आपल्या भाषेत ‘धाव’ असे म्हणतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेले कडे लोहार चाकावर बसवितो आणि वरून पाणी ओततो. पाणी पडताच कडे आकसते व तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत सारे चाक एकजीव आवळून धरते. टायर हा परका शब्द आपल्याकडे येण्यापूर्वी कितीतरी काळ ही वस्तू व तिचे हे नाव आपल्या खेड्यांत नांदत होते. नावही मोठे अन्वर्थक आहे. चाक नुसते फिरते. भुईशी गाठ पडते ती धावेची.

डांबरी सडक आणि मातीची वाट या दोहोंवर चालणाऱ्या मोटारसायकलींचा हल्ली तरुणांत बराच बोलबाला आहे. अशा गाडीचे टायर झिजले म्हणजे त्या जागी कोणते घालावे, यावर आमच्या महाविद्यालयाच्या आवारात जी चर्चा चालते तिचा आवेश एखाद्या वाङ्मयीन वादास शोभण्यासारखा असतो. कित्येक वडीलधाऱ्यांस हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्यावर घरातील मुलाचा जीव अवलंबून आहे तो विषय क्षुल्लक कसा म्हणावा? शिवाय हा प्रश्न नवा नाही. एका चाकाने दोन भिन्न वाटा कशा चालाव्या, या कोड्याशी आपला मुलूख शतकानुशतके झगडत आला आहे, आणि त्या झगड्याचा इतिहास ध्यानी घेतल्यास आजची निवडही पुष्कळ सोपी होते.

छत्रपती संभाजीनगरच्या आसमंतातील भुई तीन प्रकारची आहे. देवगिरीचा किल्ला आणि वेरूळची लेणी ज्यातून कोरली तो काळा कातळ हा पहिला प्रकार. त्याची फुटून झालेली धारदार खडी वाटोवाट विखुरलेली आढळते. या कातळाचा भुगा होऊन बनलेला मुरूम हा दुसरा. आणि सखल भागातील काळी माती हा तिसरा. ही काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि ओली झाली की पायास, खुरास, चाकास सारखीच चिकटते. जी धाव कातळावर टिकते ती चिखलात रुतते, आणि जी चिखलात तरते ती कातळावर झिजते. सगळ्या गोष्टीचे मर्म एवढेच आहे.

महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी दौलताबादेस हलविली, ही कथा सर्वश्रुत आहे. इब्न बतूताने या दोन शहरांमधील चाळीस दिवसांच्या वाटेचे व तिच्या दुतर्फा असलेल्या झाडांचे कौतुक केले आहे. पुढे १६१० साली मलिक अंबरने खडकी वसविली व तीच पुढे औरंगाबाद झाली. सतराव्या शतकात तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हिंदुस्थानातील वाहतुकीचे वर्णन करताना हजारो बैलांच्या तांड्यांचा उल्लेख केला आहे. जाड धान्य आणि मीठ यांसारखा अवजड माल देशोदेशी नेण्याचे काम बंजाऱ्यांच्या या तांड्यांनी केले, आणि तेही पुष्कळसे चाकावाचून, बैलाच्या पाठीवर. यात अडाणीपणा नसून शहाणपण होते. जेथे वाटेचा भरवसा नाही तेथे चाकापेक्षा खूर बरा. दुभंगलेला खूर मऊ भुईत फाकतो व कठीण भुईवर मिटतो. पक्क्या सडकेवर सतत राबणाऱ्या बैलाचे खूर मात्र झिजतात, म्हणून त्यांस नाल ठोकावी लागते. शेतातच वावरणाऱ्या बैलास तिची गरज पडत नाही. वाट पाहून पायताण ठरवावे, हा नियम आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागला नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखालील दख्खनेत खडीच्या सडका होऊ लागल्या, हलक्या गाड्यांचा प्रसार झाला, आणि एक नवाच तंटा उभा राहिला. लोखंडी धाव अरुंद असेल तर गाडी ओढण्यास हलकी जाते व चाकोरीतून नीट चालते; पण तीच धाव सुरीसारखी सडक कापीत जाते. एंजिनियर गाडीवानास दोष देत, आणि गाडीवान म्हणे, माझ्या वाटेचा सडक हा लहानसा तुकडा. उरलेली सगळी वाट शेतातून जाते, तिचे काय? दोघांचेही म्हणणे खरे होते. सडक सरकारची होती आणि चाक गाडीवानाचे होते, एवढाच काय तो फरक.

मोटारी आल्यावर हा तंटा अधिक तीव्र झाला. रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मुकुंदराव जयकरांकडे होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच जयकर. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला व त्यातून रस्ता निधी उभा राहिला. १९४३ साली नागपुरास देशातील मुख्य एंजिनियरांची परिषद भरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्याचे अशी रस्त्यांची उतरंड ठरली ती तेथेच. इकडे निजामाच्या राज्यात १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग औरंगाबादेवरून सुरू झाला होता, आणि १९३२ मध्ये निजाम रेल्वेने २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवाही चालू केली. परंतु नागपूरच्या उतरंडीत खेड्याचा रस्ता तळाशी होता, आणि कागदाबाहेरही तो पुष्कळ काळ तेथेच राहिला. खेडी सडकेने जोडण्याची केंद्र सरकारची ‘प्रधानमंत्री ग्रामसडक योजना’ सुरू होण्यास २००० साल उजाडावे लागले.

आता रबराकडे वळू. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापविल्यास ते उन्हात वितळत नाही व थंडीत तडकत नाही, हे शोधून काढले. बिचारा १८६० मध्ये कर्जबाजारी स्थितीत वारला; त्याच्या नावाने निघालेल्या कंपनीशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. हवेने भरलेल्या धावेची कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश एंजिनियराने १८४५ मध्येच नोंदविली होती, परंतु तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने काढली. हा डनलॉप पेशाने पशुवैद्य होता. आयुष्यभर जनावरांचे खूर पाहिलेल्या माणसाच्या हातून चाकास मऊ तळवा मिळावा, हा योगायोग असला तरी मोठा अर्थपूर्ण आहे.

प्रारंभीचे टायर फिकट रंगाचे व गुळगुळीत असत. काजळीची पूड मिसळल्याने रबर फार टिकाऊ होते असे आढळल्यावर ते काळे झाले. ओल्या रस्त्यावर घसरू नये म्हणून नक्षी आली. १९०८ च्या सुमारास फायरस्टोन कंपनीने तर आपले नाव व ‘न घसरणारा’ या अर्थाचे शब्दच टायरच्या पाठीवर उठावाने कोरले होते! हिंदुस्थानात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे उघडला. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती पडताच जगातील बहुतेक रबर दोस्त राष्ट्रांस दुरावले आणि कृत्रिम रबराची निर्मिती झपाट्याने वाढली. आजच्या टायरात झाडाचे व कारखान्याचे अशी दोन्ही रबरे नांदतात, त्याचे मूळ त्या टंचाईत आहे. मद्रासेत १९४६ साली फुगे करण्यापासून सुरू झालेली एमआरएफ १९५२ मध्ये वळली ती झिजलेल्या टायरवर नवी पाठ चढविण्याच्या रबराकडे. लोहार जुन्या चाकास नवी धाव देई, तोच व्यवहार नव्या रूपाने पुढे चालू राहिला.

दोन वाटांच्या मोटारसायकलीचे कुळ युरोपातील लांब पल्ल्याच्या कसोट्यांत सापडते. १९१३ मध्ये कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रथम झाली. १९६८ मध्ये यामाहाने अमेरिकेत विक्रीस आणलेल्या डीटी-१ या गाडीने हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणला. आपल्या देशात हीरोची इम्पल्स २०११ मध्ये निघाली व अल्पायुषी ठरली. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन व २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आल्यावर मात्र हा प्रकार रुजला. आपल्या शहराचा दुचाकीशी संबंध तर घरचाच आहे. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, आणि पुढे गुडइयरच्या टायरांचा कारखानाही त्याच औद्योगिक वसाहतीत आला.

या गाड्यांच्या टायरावर ९०/९०-२१ असे आकडे असतात. पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर, दुसरा त्या रुंदीच्या शेकडा किती उंची ते, व तिसरा चाकाच्या रिमचा व्यास इंचांत सांगतो. पुढचे चाक एकवीस इंची असते, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी पडते व दगडावर सहज चढते. बाजूवरील चार अंकी आकड्यात टायर कोणत्या आठवड्यात व वर्षी तयार झाला ते असते. दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेले रबर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. भार व वेग यांच्या खुणा गाडीच्या पुस्तिकेत दिल्याहून कमी नसाव्यात, आणि फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असल्यास तो पाळावा. चाक तारांच्या आऱ्यांचे असेल तर बहुधा आत ट्यूब लागते, आणि नव्या टायरबरोबर ती नवी घालणे हिताचे असते.

एवढे झाले तरी खरा प्रश्न उरतोच : नक्षी कोणती? टायरच्या पाठीवर रबराचे मोठे, सुटे गठ्ठे असले तर ते मऊ भुईत रुतून पकड घेतात व मधल्या फटींतून चिखल बाहेर फेकतात. पण डांबरावर त्याच फटींमुळे रबर भुईस कमी टेकते. गठ्ठे वाकतात, तापतात, लवकर झिजतात, आणि ओल्या सडकेवर ब्रेक दाबल्यास गाडी थांबण्यास अंतर अधिक लागते. सलग पाठीच्या, उथळ नक्षीच्या टायरचे याच्या अगदी उलट. विक्रेते ‘ऐंशी-वीस’, ‘पन्नास-पन्नास’ असे जे बोलतात ते या तडजोडीचेच प्रमाण होय. पहिला आकडा सडकेचा, दुसरा मातीचा. दोन्हीकडे शंभर देणारा टायर अद्याप कोणी केलेला नाही, आणि रबराचा स्वभाव पाहता कोणी करील असेही वाटत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक महिना आपल्या चाकाचा हिशेब ठेवावा. जो तरुण रोज वाळूजला कामावर जातो व पावसाळ्यात एखाद्या रविवारी म्हैसमाळला किंवा कन्नडच्या औट्रम घाटात फिरावयास जातो, त्याची शंभरातील पंचाण्णव मैलांची वाट डांबराची आहे. छायाचित्रात रुबाबदार दिसतात म्हणून त्याने गठ्ठ्यांचे टायर घालणे म्हणजे त्या पाच मैलांसाठी पंचाण्णव मैलांची सुरक्षितता गहाण टाकणे होय. उलट, जो पशुवैद्य किंवा कृषी खात्यातील नोकर वस्त्यावस्त्यांवर हिंडतो त्यास निम्मे-निम्मे प्रमाण योग्य. मुरमावर व खडीवर ते चांगले चालते, आणि खडीने लवकर चिरणार नाही असा भक्कम बांधा पाहून घेतल्यास बरे. दोन चाकांत फरक करावयाचा तर अधिक पकडीचा टायर पुढे असावा; मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर स्वार पडतोच. ओल्या काळ्या मातीत मात्र कोणत्याही नक्षीवर विसंबू नये. तिचा लगदा फटींत भरला की सगळेच टायर गुळगुळीत होतात. तेथे थांबणे किंवा वळसा घेणे हाच उपाय, आणि तो बंजाऱ्यांच्या तांड्यांस ठाऊक होता. पावसाळ्यात ते मुक्काम करीत. आणि नक्षी संपेपर्यंत वाट पाहू नये. दुचाकीच्या नक्षीची खोली कायद्याने किमान ०.८ मिलिमीटर ठरविली असली तरी ती शेवटची मर्यादा आहे. शहाण्याने तेथवर जाऊ नये.

या इतिहासाचा एक अर्थ मनास टोचल्याशिवाय राहत नाही. सडक चांगली नसली म्हणजे तिचा खर्च चाकाच्या मालकाने सोसावयाचा, ही आपली जुनी रीत आहे. बंजाऱ्याने तो बैलाच्या पाठीवर सोसला, गाडीवानाने लोहाराच्या भट्टीवर, आणि वस्तीवर जाणारा आजचा कर्मचारी तो टायरच्या दुकानात सोसतो. ज्याला हौसेसाठी माती तुडवावयाची आहे त्याने खुशाल तुडवावी. पण ज्याला पोटासाठी, औषधासाठी किंवा शाळेसाठी ती तुडवावी लागते, त्याच्या गाडीचे गठ्ठ्यांचे टायर ही नागपूरच्या आराखड्यातील तळच्या ओळीची थकलेली बाकी आहे. ती फेडणे समाजाचे काम. तोवर आपल्या वाटेचा खरा हिशेब करून धाव निवडणे हे ज्याचे त्याचे काम होय.