गोल्फच्या बॅगेत कोणता फेअरवे वूड ठेवायचा? थ्री, फाईव्ह की सेव्हन?

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपडा-शिरपूरच्या जंगलात उन्हाळा लागला की टेंभुर्णीची पानं तोडायचा हंगाम सुरू होतो. हाच तो तेंदूपत्ता, ज्याची विडी वळतात. या टेंभुर्णीची एक चुलत बहीण अमेरिकेत वाढते, तिचं नाव पर्सिमन. दोन्ही झाडं डायोस्पायरॉस या एकाच प्रजातीतली. आपल्याकडे टेंभुर्णीची पानं कामाला आली, तिकडे पर्सिमनचं कठीण लाकूड. कित्येक दशकं गोल्फमधल्या लांब पल्ल्याच्या क्लबचं डोकं याच लाकडाचं असायचं. म्हणून त्या क्लबना नाव पडलं 'वूड'.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या गॅरी अ‍ॅडम्स यांनी टेलरमेड ही कंपनी काढली आणि स्टीलच्या डोक्याचा वूड बाजारात आणला. पुढे लाकूड गेलं, नाव मात्र तेच राहिलं.

आता मुख्य प्रश्न. जळगाव-धुळ्याकडचा माणूस बहुतेक वेळा नोकरीच्या गावी, म्हणजे पुण्यात, मुंबईत किंवा थेट परदेशात गोल्फच्या नादी लागतो. सेट घ्यायला दुकानात गेला की विक्रेता ड्रायव्हरच्या शेजारी थ्री वूड ठेवतो. चांगल्या कंपनीचा नवा वूड सहज वीस हजारांच्या पुढे जातो. अनेकांच्या बॅगेत तो वर्षानुवर्षं पडून राहतो आणि बाहेर काढला की चेंडू झाडीत जातो. तेव्हा पैसे देण्याआधी हे गणित समजून घ्या.

आकडा म्हणजे काय?

गोल्फमध्ये पहिला फटका ज्या जागेवरून मारतात ती टी, आणि ज्या हिरवळीवर भोक असतं ती ग्रीन. या दोघांच्या मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. त्या गवतावर पडलेला चेंडू लांब मारायचा असेल तर फेअरवे वूड काढतात.

वूडवरचा आकडा जितका मोठा, तितका त्याचा चेहरा जास्त मागे कललेला. या कलाला लॉफ्ट म्हणतात. थ्री वूडचा लॉफ्ट साधारण १५ अंश, फाईव्हचा १८, सेव्हनचा २१, नाईनचा २४. कंपनीगणिक अंश-दीड अंश इकडेतिकडे होतो. आकडा वाढला की दांडाही थोडा आखूड होतो. लॉफ्ट जास्त म्हणजे चेंडू उंच जातो, त्याला उलटी फिरकी जास्त मिळते, तो वरून उभा उतरतो आणि लवकर थांबतो. लॉफ्ट कमी म्हणजे चेंडू खालून जातो आणि पडल्यावर पळतो.

कागदावर हिशोब सोपा आहे: थ्री सगळ्यात लांब, मग फाईव्ह, मग सेव्हन. पण हा हिशोब क्लब पुरेशा वेगाने फिरला तरच जुळतो. १५ अंशांच्या चेहऱ्याने जमिनीवरचा चेंडू हवेत उचलायचा तर वेग लागतो. वेग कमी पडला की चेंडू गुडघ्याच्या उंचीने सुटतो, लवकर खाली येतो आणि थ्री वूडचं अंतर फाईव्हइतकंच भरतं. कधी कधी त्याहून कमी.

बायकांचे क्लब?

सेव्हन वूड म्हणजे म्हाताऱ्यांचा किंवा बायकांचा क्लब, असा एक समज क्लबहाऊसमध्ये फिरत असतो. पुरुष खेळाडू थ्री वूडला चिकटून राहतात त्याचं निम्मं कारण हेच.

ड्रायव्हर फिरवतानाचे वेग बघा. पुरुष व्यावसायिकांचा वेग ताशी ११३-११५ मैलांच्या घरात असतो. अमेरिकेतल्या महिला व्यावसायिकांचा ९४ च्या आसपास. आणि हौशी पुरुषाचा सरासरी वेग? जवळपास तेवढाच. म्हणजे रविवारी खेळणाऱ्या पुरुषाने नक्कल करायचीच, तर महिला व्यावसायिकांच्या बॅगेची करावी. तिथे फाईव्ह आणि सेव्हन वूड सर्रास दिसतात.

बेंगळुरूच्या अदिती अशोकचं उदाहरण बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. मैदानातल्या सर्वात कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंपैकी ती एक होती. इतर जणी जिथून आयर्न मारत होत्या, तिथे ती लांब क्लब काढून चेंडू ग्रीनवर बसवत होती. आणि ज्यांना पुरुषाचंच उदाहरण हवं, त्यांच्यासाठी डस्टिन जॉन्सन. २०२० ची मास्टर्स स्पर्धा त्याने पारपेक्षा २० फटके कमी घेऊन जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वूड होता. त्याला कुणी म्हातारा म्हटलं नाही.

जमीन कुठली, वारा कुठला

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे जमीन तापून दगड होते, गवत विरळ होतं. चेंडू जवळजवळ उघड्या मातीवर बसलेला असतो, त्याच्या खाली क्लब जायला जागाच नसते. अशा जागेवरून थ्री वूड मारणं चांगल्या खेळाडूलाही अवघड जातं, कारण जरा चुकलं की चेंडूच्या डोक्यावर बसतो. पण बसलाच नीट, तर टणक जमिनीवर चेंडू खूप पळतो. गरम हवेत तो काही यार्ड जास्त जातो, ते वेगळंच.

पावसाळ्यात सगळं उलटं. जमीन ओली, चेंडू पडतो तिथेच रुततो. पळण्याचा फायदा शून्य, हवेतून जेवढं अंतर कापलं तेवढंच खरं. गवत वाढलेलं असतं आणि त्यातून चेंडू काढायला जास्त लॉफ्टचा वूड बरा पडतो. खरीप-रब्बीसारखा हंगाम बघून वूड बदलायला नियमांची आडकाठी नाही, बदल फेरी सुरू होण्याआधी करायचा इतकंच.

सेव्हन वूडची एक खोट मात्र आहे, ती म्हणजे वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. समोरून तसा वारा असेल तर उंच गेलेला चेंडू हवेतच अडकतो आणि मारणाऱ्याच्या दिशेने बघत खाली येतो. वाऱ्याच्या कोर्सवर नेहमी खेळणाऱ्याने सेव्हनऐवजी हायब्रिडचा विचार करावा. हायब्रिड म्हणजे वूड आणि आयर्न यांच्या मधला प्रकार, दांडा आखूड, चेंडू थोडा खालून जातो.

मग घ्यायचं काय?

ड्रायव्हरचा वेग ताशी ९० मैलांच्या खाली असेल, किंवा वेग मोजलेलाच नसेल, तर पहिला फेअरवे वूड फाईव्ह घ्यावा. दुसरा घ्यायचाच तर सेव्हन. टीवरून ड्रायव्हर वळतो म्हणून दुसरा आधार हवा असेल, तर थ्री किंवा १६-१७ अंशांचा फोर वूड ठीक, कारण टीवर चेंडू उचललेला असतो आणि अडचण निम्मी होते. फोर वूड हल्ली मागे पडलाय, पण त्याचा इतिहास मोठा आहे. १९३५ च्या मास्टर्समध्ये जीन साराझेनने पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून फोर वूडने मारलेला चेंडू थेट भोकात गेला. तिथे पाच फटके अपेक्षित असतात, त्याचे झाले दोन. त्यामुळे त्याने आघाडीवरच्या क्रेग वूडला गाठलं आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला.

विकत घेण्याआधी चाचणी करा, पण दुकानातल्या चटईवर नको. चटईवर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी घसरत पुढे जातो आणि फटका चांगला वाटतो. खऱ्या गवतावर दोन्ही वूडने दहा-दहा चेंडू मारा. सर्वात लांब गेलेला विसरून जा, खेळता येईल अशा जागी किती थांबले ते मोजा. थ्रीचे चार आणि फाईव्हचे सात आले, तर निकाल लागला.

'दोन्ही घेऊन जाऊ, मैदानावर ठरवू' हा विचार मनात येतोच. पण बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. अमेरिकेत ही मर्यादा १९३८ मध्ये आली, ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी. त्याआधी काही खेळाडू कॅडीच्या खांद्यावर तीसेक क्लब लादायचे. आज एक जरी जास्त निघाला, तर ज्या होलवर तो बॅगेत होता त्या प्रत्येक होलमागे दोन फटक्यांचा दंड, एका फेरीत जास्तीत जास्त चार.

२००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी वेल्सच्या इयान वूसनमने पहिल्याच होलवर चेंडू भोकाजवळ टाकून एक फटका वाचवला आणि आघाडी गाठली. दुसऱ्या होलच्या टीवर कॅडीने सांगितलं की बॅगेत पंधरा क्लब आहेत. वूसनम सकाळी दोन ड्रायव्हर घेऊन सराव करत होता आणि नको असलेला तसाच राहून गेला होता. दोन फटक्यांचा दंड बसला. स्पर्धा संपली तेव्हा तो बरोबरीने तिसरा होता. ते दोन फटके नसते, तर एकटा दुसरा आला असता.