उलट्या अंगठ्याची कुळकथा

पराभूत योद्धा वाळूत उताणा पडलेला आहे, विजेत्याची तलवार त्याच्या गळ्यावर रोखलेली आहे, सहस्रावधी प्रेक्षकांचा कोलाहल एकाएकी निमालेला आहे, आणि उच्चासनावर बसलेला रोमन बादशहा हात पुढे करून, अंगठा क्षणभर आडवा धरून, मग तो सावकाश खाली वळवतो. भव्य ऐतिहासिक चित्रपटांच्या संकेतांत याहून अधिक सुपरिचित संकेत क्वचितच सापडेल. असा एक चित्रपट मी बालपणी मामांबरोबर पाहिला. मामा मामलेदार कचेरीच्या आवारात दस्तलेखक होते. गहाणखते आणि खरेदीखते लिहिण्यात आणि निरक्षर पक्षकारांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर टेकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "मामा, त्याने अंगठा खाली का केला?" असे मी विचारताच त्यांनी पडद्यावरची दृष्टी न काढता सांगितले, "अरे, अंगठा उठवला त्याने. झाले मोर्तब, आता सुटका नाही." रोमच्या इतिहासाचे माझे ज्ञान पुढे कितीतरी वर्षे या एका वाक्याएवढेच होते.

ते ज्ञान डळमळले ते एका चित्रामुळे. फ्रेंच चित्रकार झाँ-लेऑन जेरोम याने 1872 साली पूर्ण केलेल्या त्या चित्राचे नाव 'पोल्लिचे वेर्सो', म्हणजे 'वळवलेल्या अंगठ्याने'. शिरस्त्राणधारी मल्ल पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यावर पाय देऊन वर पाहत आहे, पडलेला दोन बोटे उंचावून जीवदान मागत आहे, आणि पुढल्या रांगेतील शुभ्रवसना वेस्टल कुमारिका, ज्यांनी रोमच्या पवित्र अग्नीचे रक्षण करायचे त्याच, त्वेषाने अंगठे खाली करून त्याचा प्राण मागत आहेत. चित्रपटांत मी जे जे पाहिले होते, ते सारे एका मूक चौकटीत आधीच रंगवून ठेवलेले होते! मग रोमन लोक खरोखर काय करीत, या शोधास मी लागलो. आणि ज्याला मी दोन सहस्र वर्षांचा ऐवज समजत होतो, त्याची सनद 1872च्या पलीकडे जात नाही, असे ध्यानी आले.

जेरोमच्या हाती पुरावा होता तो मुख्यतः दोन कवींचा. पहिला जुव्हेनाल. त्याच्या तिसऱ्या उपरोधिकेत रोम सोडून चाललेला एक मित्र तक्रार करतो, की पूर्वी गावोगावच्या आखाड्यांत शिंग फुंकणारे क्षुद्र वाजंत्री आता श्रीमंत होऊन स्वतःच खेळ भरवतात, आणि जमावाने अंगठा वळवला की त्याच्या खुशीसाठी माणसे मारवतात. दुसरा सुमारे तीन शतकांनंतरचा ख्रिस्ती कवी प्रुडेन्टियस. त्याने वेस्टल कुमारिकेलाच अंगठा वळवून मृत्यूचा हुकूम देताना दाखवले आहे, आणि जेरोमच्या पुढल्या रांगेत त्या कुमारिका आल्या त्या येथूनच, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु अंगठा वळवायचा तो कोणीकडे, हे या दोघांपैकी एकानेही सांगितलेले नाही. ज्यांच्या डोळ्यांसमोर ती खूण रोज घडत होती, त्यांना दिशा लिहून ठेवण्याची गरज ती काय वाटणार!

सारा वाद 'वेर्सो' या एका शब्दाभोवती फिरतो, आणि फिरणे हाच त्या शब्दाचा धर्म आहे. लॅटिनमधील हा धातू आपल्या 'वृत्' धातूचा सख्खा भाऊ. आपल्याकडे वळण घेत घेत 'वृत्त' हा शब्द वर्तुळाचाही झाला, वार्तेचाही झाला आणि छंदाचाही झाला. तिकडेही त्याच धातूपासून कवितेच्या ओळीचे नाव पडले. इतक्या चंचल शब्दाच्या साक्षीवर एखाद्या अंगठ्याची दिशा कायम करणे म्हणजे वाऱ्याच्या हवाली कागद करण्यासारखेच होय.

तरीही दावेदार पुष्कळ आहेत. जेरोमचे चित्र न्यूयॉर्कचे धनाढ्य व्यापारी अलेक्झांडर टर्नी स्ट्यूअर्ट यांनी 80,000 फ्रँकला विकत घेतले आणि ते अमेरिकेत पोहोचल्यावर तेथील पंडितांत असा काही कलह माजला, की 1879 साली त्यावर 26 पृष्ठांची एक स्वतंत्र पुस्तिका निघाली. तीत चित्राच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे आणि खुद्द जेरोमचे समर्थनपर पत्रही छापले होते. एका पक्षाचे म्हणणे असे, की खाली केलेला अंगठा म्हणजे 'शस्त्र खाली ठेव', अर्थात जीवदान. दुसरा पक्ष म्हणतो, अंगठा स्वतःच्या छातीकडे वळवत, म्हणजे 'तेथे खुपस'. तिसरा पक्ष, आणि आजच्या विद्वानांत त्याचे वजन अधिक, म्हणतो की मृत्यूची खूण म्हणजे वर उभारलेला अंगठा. अँथनी कॉर्बेल या अमेरिकन अभ्यासकाने 2004 सालच्या आपल्या ग्रंथात हा पक्ष मोठ्या साक्षेपाने मांडला आहे: उभारलेला अंगठा हे आक्रमणाचे चिन्ह, दयेचे चिन्ह म्हणजे मूठ मिटून वर दाबून धरलेला अंगठा. रोमन ग्रंथकार थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या खंडात कृपा दर्शवताना अंगठे दाबतात असे नोंदवलेच आहे. रोमन कवी होरेस तर दोन्ही अंगठ्यांनी दिलेल्या शाबासकीचा उल्लेख करतो.

मराठी माणसाला हा तिसरा पक्ष समजावून सांगण्यास ग्रंथ लागत नाही. वर उभारून नाचवलेला अंगठा म्हणजे 'ठेंगा', आणि ठेंगा पाहून कोणाचे चित्त प्रसन्न झाल्याचे ऐकिवात नाही. रोमन प्रेक्षक पडलेल्या मल्लाला ठेंगा दाखवीत असत, असे म्हटले की कॉर्बेलसाहेबांचे सारे प्रतिपादन आपल्या आजीलाही पटावे. मुठीशी दाबलेल्या अंगठ्याचा अर्थ मला मामांच्या दप्तरात सापडतो. सावकाराच्या कागदापुढे बसवलेला एखादा कुणबी ऐनवेळी मूठ आवळून घरी निघून गेला, की मामा आपली लेखणी पुसत समाधानाने म्हणत, "वाचला बेटा, अंगठा मुठीत राहिला त्याचा."

मग जेरोमने अंगठा खाली का केला? तो अडाणी नव्हता; त्याची शिरस्त्राणे पॉम्पेई येथे सापडलेल्या अस्सल नमुन्यांवरून घेतलेली आहेत. लॅटिन शब्दाचा अर्थ त्याने चुकीचा लावला, हे प्रचलित उत्तर मला अपुरे वाटते. माझे उत्तर भूमितीचे आहे. चित्रात प्रेक्षक वर आहेत आणि मरणारा खाली आहे. वरच्या कठड्यावरून पुढे झुकलेल्या शंभर हातांचे अंगठे आकाशाकडे उभे केले असते, तर ती सारी मंडळी जयजयकार करीत आहेत असा भास झाला असता, आणि पाहणाऱ्याची नजर छताकडे गेली असती. खाली केलेले अंगठे मात्र बाणांसारखे थेट त्या पडलेल्या देहाकडे नजर नेतात. चित्रकाराला कोशकाराची नव्हे, रेषेची आज्ञा पाळावी लागते. या तर्काला लेखी आधार नाही, हे मी कबूल करतो. पण जेरोमच्या जागी उभे राहून त्या वाळूकडे पाहिले, की दुसरा काही तर्क सुचत नाही.

येथून पुढचा प्रवास सोपा आहे. इटालियन दिग्दर्शक एन्रिको ग्वाझ्झोनी याने सिएन्केविचच्या कादंबरीवरून 'क्वो वादिस' हा चित्रपट केला, तेव्हा जेरोमचे चित्र त्याने जिवंत माणसांकरवी जसेच्या तसे पडद्यावर उभे केले. तो चित्रपट न्यूयॉर्कमध्ये 1913च्या एप्रिलमध्ये लागला. त्याच एप्रिलमध्ये मुंबईत दादासाहेब फाळके आपला 'राजा हरिश्चंद्र' निमंत्रितांना दाखवीत होते. हा योगायोग केवळ पंचांगातला नाही. फाळके जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि चित्रकार रविवर्म्याच्या छापखान्यात कामाला राहिलेले. आमचे देव आणि देवी ज्या साड्या नेसून, ज्या कमलांवर उभे राहून पडद्यावर अवतरले, त्यांची ठेवण घरोघरच्या भिंतींवरील त्याच्या ओलिओग्राफांतून, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत छापांतून, आलेली आहे. रोम असो वा अयोध्या, भव्य चित्रपटाने पहिली उचल इतिहासाच्या दप्तरातून केली नाही, ती तैलचित्रांतून केली. आणि आजही एखाद्या दृश्याला प्रेक्षक 'अगदी खरे' म्हणतो, तेव्हा ते पूर्वी पाहिलेल्या चित्रासारखे आहे एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

दिग्दर्शक सेसिल डेमिल, मग 1950च्या दशकातले रुंद पडद्याचे रोमन चित्रपट, मग 'स्पार्टाकस', हे सारे मुक्काम एका वाक्यात उरकण्यास हरकत नाही. मार्गात एक फेरफार मात्र झाला, आणि तो मला अंगठ्याच्या दिशेइतकाच महत्त्वाचा वाटतो. जुव्हेनालकडे हुकूम जमावाचा आहे, जेरोमकडे तो कुमारिकांचा आहे आणि त्याचा बादशहा निर्विकार बसलेला आहे. चित्रपटाने तो अधिकार सर्वांकडून काढून एकट्या बादशहाच्या हाती दिला. कॅमेऱ्याला जवळून दाखवण्यासाठी एकच हात आणि एकच मुद्रा लागते, हे एक कारण. शिवाय चित्रात अंगठा आधीच वळलेला असतो. चित्रपटात तो वळायचा असतो, आणि त्या आडव्या धरलेल्या अंगठ्याच्या विलंबात प्रेक्षकाचा श्वास कोंडता येतो. विसाव्या शतकाने सज्ज्यावर उभे राहून हात उगारणारे हुकूमशहा पाहिलेले होते, हेही विसरून चालणार नाही.

2000 साली आलेल्या 'ग्लॅडिएटर' चित्रपटाची तर सुरुवातच या चित्रापासून झाली. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्यापुढे निर्मात्यांनी संहिता ठेवण्यापूर्वी जेरोमच्या चित्राची प्रतिकृती ठेवली, आणि ते तिच्यावरच भाळले. त्या चित्रपटात बादशहा कोमोडस अंगठा खाली करतो आणि नायक तो हुकूम धुडकावून प्रतिस्पर्ध्याला जीवदान देतो. म्हणजे 1872 साली जन्मलेला संकेत इतका रूढ झाला, की त्याचा भंग हीच आता नाट्याची सामग्री झाली. मध्यंतरी सिस्केल आणि ईबर्ट या शिकागोच्या दोन समीक्षकांनी दूरचित्रवाणीवर चित्रपटांचाच निवाडा अंगठ्यांनी करण्यास आरंभ केला होता आणि 'दोन अंगठे वर' ही आपली मुद्रा रीतसर नोंदवूनही घेतली होती. होरेसला ती खूण अर्धी ओळखीची वाटली असती. त्याच्या काळच्या मल्लांनी मात्र ती पाहून मान खाली घातली असती.

जेरोमचे मूळ चित्र आज अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या कलासंग्रहालयात आहे. आणि 'ग्लॅडिएटर'मध्ये ज्याच्या हाताने अंगठा खाली वळतो, त्या नटाचे आडनावही फिनिक्सच. हा पुरावा म्हणून मी दाखल करीत नाही. पण मामा असते तर दस्ताच्या समासात त्यांनी याची नोंद नक्की केली असती.