यात्रेची निरवानिरव, ट्रेकची आखणी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी जे संकल्प सोडले गेले, त्यांत हिमालयातील पदभ्रमणाचाही एक होता. त्याच्या पहिल्या बैठकीस आम्ही दहाबाराजण चिकपेटमध्ये एका सभासदांच्या दुकानाच्या माडीवर जमलो होतो. खाली रेशमी साड्यांच्या गिऱ्हाइकांची वर्दळ आणि वर टेबलावर पसरलेला उत्तराखंडाचा नकाशा, असा तो प्रसंग. तरुण सभासदांनी हिशेब आधीच मांडून आणला होता: शनिवारी पहाटेचे विमान, रविवारी डेहराडूनहून मोटार, सोमवारी चढाईस प्रारंभ आणि पुढच्या रविवारी रात्री घरी. पाच दिवसांची रजा पुरत होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका ज्येष्ठ भगिनींनी सहज सांगितले, की त्यांच्या आजेसासूबाई बदरीनारायणास गेल्या, तेव्हा घर सोडल्यापासून परत येईपर्यंत चार महिने लागले होते. सगळे हसले. आम्हीही हसलो; परंतु घरी परतताना ते चार महिने मनातून जाईनात. इतके दिवस त्या लोकांनी नेमके कशात घालवले, आणि ते वाचवून आपण काय वाचवले, ह्याचा जो थोडाबहुत मागोवा आम्ही घेतला, तो येथे मांडत आहोत.

चिकपेटचा आणि हिमालयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. केंपेगौडाने १५३७ साली वसवलेल्या ह्या पेठेत मराठी माणूस आला तो निदान १६३८ पासून, शहाजीराजांच्या पाठोपाठ. त्यांचा गौरी महाल चिकपेटमध्येच होता, असे परंपरा सांगते. पुढे व्यापार, नोकरी, शिवणकाम, सोने गाळण्याचा धंदा, अशा निरनिराळ्या वाटांनी आपली कुटुंबे येथे येत राहिली. तेव्हा लांबच्या प्रवासाचे आपल्याला अप्रूप नाही. उंचीचे मात्र आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरांवर आहे आणि त्याचा आपल्याला थोडा अभिमानही असतो. पण महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे, आणि कर्नाटकाचे मुळ्ळय्यनगिरी सुमारे १,९३० मीटरांचे. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो साधारण २,५०० मीटरांच्या पुढे. म्हणजे आपल्या दोन्ही राज्यांच्या माथ्यावर उभे राहिले, तरी त्या उंबरठ्याशी आपण पोचत नाही. नंदीच्या टेकडीच्या ११७५ पायऱ्या दर रविवारी चढल्याने पायांत बळ येईल. रक्ताला त्या हवेची सवय होणार नाही.

जुन्या यात्रेकरूला हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्याच्या प्रवासाची आखणी पंचांग करीत असे. गंगोत्री आणि यमुनोत्रीची दारे अक्षय्य तृतीयेस उघडतात. केदारनाथाचा मुहूर्त महाशिवरात्रीस जाहीर होतो, बदरीनाथाचा वसंतपंचमीस. दिवाळी आली की डोंगर पुन्हा मिटतो. केदारनाथाची कवाडे भाऊबीजेला बंद होतात. ह्या दोन टोकांच्या मध्ये पावसाळा टाळून वाट चालायची. आज पदभ्रमणाचे जाणकार जो काळ सुचवतात, म्हणजे मे ते जूनचा मध्य आणि पुढे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबर, तो ह्या जुन्या वेळापत्रकाहून फारसा निराळा नाही.

निघण्यापूर्वी निरवानिरव होई. देणी भागवायची, किल्ल्या सुनेच्या हाती द्यायच्या, दागिन्यांची वाटणी सांगून ठेवायची, कोणाशी अबोला असेल तर जाऊन बोलून यायचे. परत येण्याची खात्री कोणी धरीत नसे; म्हणून तर सुखरूप परतल्यावर मावंदे घालण्याची चाल पडली. आज आपण आखणी करतो ती विमानाच्या तिकिटांची आणि बुटांच्या मापांची. आपल्यामागे घरी कोणाला काय ठाऊक असावे, ह्याची आखणी आपल्या यादीत नसते. आमच्या त्या पहिल्या बैठकीतल्या यादीतही ती नव्हती.

ऋषिकेशपासून बदरीनाथापर्यंतची वाट दीडशे मैलांहून अधिक. दिवसाकाठी आठ-दहा मैल चालणाऱ्याला पंधरवडा सहज लागे. केदारनाथ वाटेत घेतला तर त्याहून अधिक. वाटेवर ठिकठिकाणी चट्ट्या असत. चट्टी म्हणजे गवताने शाकारलेली लांबट पडवी आणि शेजारी वाण्याचे दुकान. पीठ, डाळ, तूप वाण्याकडून विकत घेतले, की स्वयंपाकाची भांडी आणि रात्रीचा निवारा त्याबद्दल फुकट मिळे. ओझ्याचा हा केवढा मोठा प्रश्न किती सोप्या रीतीने सुटला होता, हे पाठीवर पंधरा किलो घेऊन चढणाऱ्यालाच कळेल. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) केदारनाथ आणि बदरीनाथ येथे धर्मशाळा बांधल्या, त्यामागे यात्रेकरूंच्या ह्याच गरजांची जाण होती. शिवाय केदारनाथाचे रावळ परंपरेने वीरशैव आणि कर्नाटकाशी नाते सांगणारे. तेव्हा बंगळूरच्या माणसाला त्या बर्फातही एखादा ओळखीचा शब्द कानी पडावा, अशी व्यवस्था शतकानुशतके आहे.

ह्या वाटेने चालून गेलेल्यांत काकासाहेब कालेलकरांचे नाव आपल्याला विशेष जवळचे. साताऱ्यात जन्मलेले आणि बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकवलेले काकासाहेब १९१२ साली स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर ह्यांच्यासह हिमालयात गेले. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले, हे मराठी वाचकाला किंचित लागते. पण भाषांतराच्या रूपाने ते आपल्याकडेही पोचले. त्याआधी चार वर्षे, १९०८ साली, भगवान हंस नावाचे मराठी साधू मानससरोवर आणि कैलासाकडे गेले. त्यांनी मराठीत लिहिलेल्या ह्या यात्रेच्या वृत्तान्ताचा इंग्रजी अनुवाद त्यांचे शिष्य, अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचे पुरोहित स्वामी ह्यांनी केला आणि तो १९३४ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना आहे ती आयरिश कवी येट्स ह्यांची.

आमच्या प्रश्नाचे उत्तर ह्या पायी चालण्यातच दडलेले आहे. ऋषिकेश समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आत. बदरीनाथ तीन हजार शंभराच्या आसपास, केदारनाथ ३,५८३. पंधरा-वीस दिवसांत, मधूनमधून दरीत उतरत आणि पुन्हा चढत, यात्रेकरूचे शरीर त्या हवेशी नकळत जुळवून घेई. ते चार महिने वाया गेले नव्हते. गाड्यांची उतारूगर्दी, काशी-प्रयागचे मुक्काम हे त्यांत धरले, तरी डोंगरातला प्रत्येक दिवस काही काम करीत होता.

ह्यावरून जुने ते सारे सोने होते, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. हरद्वारच्या १८६७ च्या कुंभानंतर पटकीची साथ यात्रेकरूंबरोबर उत्तर हिंदुस्थानभर पसरली. रुद्रप्रयागच्या परिसरात १९१८ ते १९२६ ह्या काळात एका नरभक्षक बिबळ्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. उघड्या चट्टीत झोपलेला यात्रेकरू त्याला आयताच सापडे. १९२६ च्या मे महिन्यात जिम कॉर्बेटने त्याला टिपले, तेव्हा कुठे ती वाट निर्धास्त झाली.

आणि एक गोष्ट अशी, जी प्रत्येक पथकनायकाने वाचावी. १८९३ च्या पावसाळ्यात गढवालमध्ये बिरही नदीवर गोहना येथे डोंगर कोसळून नदी अडली आणि मागे प्रचंड तलाव साचू लागला. अभियंत्यांनी पाहणी करून अंदाज बांधला, की पाणी बांधावरून वाहू लागेल ते पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला. वर्षभर हातात होते. तलावापासून खाली हरद्वारपर्यंत तार टाकण्यात आली, पूल उतरवून ठेवले, यात्रेची वाट बदलली, गावोगावी पुराच्या पातळीच्या वर जाण्याच्या सूचना दिल्या. १८९४ च्या ऑगस्टअखेर बांध फुटला. श्रीनगर गाव धुऊन निघाले. पण माणसे दगावली ती पाच, एक फकीर आणि त्याचे कुटुंबीय. हलवले असताना ते परत तेथे गेले होते. १६ व १७ जून २०१३ रोजी केदारनाथाच्या माथ्यावरचा चोराबारी तलाव फुटला, तेव्हा हाती तारायंत्राहून शतपटीने वेगवान साधने होती; तरी हजारो लोक मृत झाले वा बेपत्ता झाले. महाराष्ट्रातील व कर्नाटकातील किती घरे त्या आठवड्यात दूरध्वनीपाशी बसून होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

वाटेचा वेग बदलला तो मुख्यतः १९६२ च्या चीन युद्धानंतर. सीमेपर्यंत सैन्य पोचावे म्हणून मोटाररस्ते झाले आणि त्यांवरून यात्रेकरूंच्या गाड्या धावू लागल्या. चट्ट्या ओस पडल्या. त्याच युद्धाने दुसरा एक धडा दिला. सपाटीवरचे जवान थेट उंचावर नेले गेले आणि धडधाकट तरुण डोकेदुखी, वांत्या, छातीत पाणी होणे ह्यांनी आडवे झाले. लष्करी डॉक्टर इंदरसिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी अशा १,९२५ जवानांवरील निरीक्षणे १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. उंचीच्या आजारावरील लिखाणात त्यांचा उल्लेख आजही होतो. म्हणजे हे ज्ञान आपल्याच जवानांच्या हालअपेष्टांतून जगाला मिळाले. त्यातून आणि नंतरच्या अनुभवातून जो नियम ठरला तो असा: तीन हजार मीटरांच्या वर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावा, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, आणि त्रास वाढला तर कसलाही विचार न करता खाली उतरावे. हे कोष्टक मांडून पाहिले आणि आम्ही चकित झालो. ते जवळजवळ चट्टीच्या वाटेचेच वेळापत्रक आहे. १९८१ साली कैलास-मानससरोवराची यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिल्लीतील वैद्यकीय तपासणीनंतर वाटेत गुंजी येथे, उंचीवर, दुसरी तपासणी ठेवली गेली, तीही ह्याच कारणासाठी.

मौजेखातर डोंगर चालणे ही त्यामानाने अगदी अलीकडची गोष्ट. 'ट्रेक' हा शब्द मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या बैलगाड्यांच्या प्रवासाचा. नेपाळात जिमी रॉबर्ट्स ह्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १९६४ साली पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. पुढच्याच वर्षी उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या किल्ल्यांवर तयार झालेली मुले हळूहळू हिमालयाकडे वळली. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ साली 'गिरिप्रेमी'चे आठजण एकाच मोहिमेत. पण ह्या मोहिमांची तयारी वर्षावर्षांची असते, हे वर्तमानपत्रातील छायाचित्रात दिसत नाही.

आमचा स्वतःचा अनुभव सांगायला थोडा संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचजण विमानाने थेट लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरांवर उतरलो. प्रवासयोजनेत पहिले दोन दिवस विश्रांतीचे होते. ते आम्हीच हट्टाने कापले आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंगला खिंडीकडे निघालो. परतताना आमच्यातील सर्वांत काटक गृहस्थ गाडीत निपचित पडून होते. आम्ही दोष दिला तो सकाळच्या पराठ्यांना. रात्री इस्पितळात प्राणवायूची नळी लावल्यावर त्यांनी डोळे उघडले, आणि डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, 'इतकी घाई कशाची होती?' त्याला उत्तर नव्हते. रजा संपत होती, एवढेच.

म्हणूनच जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या वरच्या भागात, सहस्रतालाच्या वाटेवर जे घडले, ते आम्ही दुरून पाहू शकलो नाही. २२ जणांची ती तुकडी, त्यांत बहुतेक कर्नाटकातील. सुमारे ४,४०० मीटरांच्या परिसरात हिमवादळाने गाठले. नऊजण दगावले, उरलेल्यांपैकी बहुतेकांना हेलिकॉप्टरांनी आणले. त्यांतले कित्येकजण अनुभवी होते. कोणाचे कोठे चुकले, हे येथे बसून ठरवण्याचा आम्हांस अधिकार नाही. एवढेच, की त्यानंतर आमच्या माडीवरच्या नकाशाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली.

दुसरी बैठक पुढच्या महिन्यात झाली. पाच दिवसांची रजा दहांवर गेली, आणि त्यामुळे तिघांना नावे मागे घ्यावी लागली. त्यांत एक नवे जोडपे होते, त्याचे वाईट वाटले. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत जावे, अशी एक सूचना आली, ती वाटेत दोन दिवस जातात म्हणून पडली. पण डोंगरात दोन रात्री खालच्या गावी काढण्याचे सर्वांनी मान्य केले. परतीच्या बाजूस एक संपूर्ण दिवस हवामानासाठी मोकळा सोडला आहे. साठीच्या पुढच्या सभासदांनी हृदयाची तपासणी करून यायची; उंचीवरील औषध घ्यायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. प्रत्येकाने रक्तगट, चालू औषधे, विम्याचा क्रमांक आणि घरचा दूरध्वनी एका कागदावर लिहून दोन प्रती करायच्या, एक पथकनायकाकडे, एक चिकपेटच्या दुकानात. ह्या कागदाला नाव काय द्यावे, ह्यावर बराच वेळ गेला. शेवटी त्या ज्येष्ठ भगिनींनीच 'निरवानिरव' हे नाव सुचवले आणि तेच वहीत लिहिले गेले. मावंद्याची तारीख मात्र त्यांनी लिहू दिली नाही. ती परत आल्यावर ठरेल.