सैन्यात समलिंगी व्यक्तींना समान हक्क : कायदा कुठे अडतो?

पुलगावच्या दारूगोळा डेपोमुळे वर्धा जिल्ह्याला सैन्य परके नाही. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली भरतीसाठी पहाटे धावतात, कारण त्या नोकरीने घराला आधार आणि समाजात मान मिळतो. आमच्या कामात अशीही मुले भेटतात, ज्यांना एकच भीती असते : आपण समलिंगी आहोत हे तिथे कळले तर? त्यांच्यासाठी आणि कार्यकर्त्यांसाठी ही माहिती.

२०१८ चा निकाल

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर प्रकरणात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून वगळले. बहुसंख्यांच्या नैतिकतेपेक्षा संवैधानिक नैतिकता मोठी, हा या निकालाचा पाया होता. संविधान सभेत ही कल्पना बाबासाहेबांनीच मांडली होती.

सैन्याचा वेगळा कायदा

संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सैन्यदलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४६ मध्ये ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. कलम ४५ अशोभनीय वर्तनाबद्दल आहे. या कलमांत ‘समलिंगी’ हा शब्द नाही. अर्थ लावणे वरिष्ठांच्या हाती राहते, आणि धोका तिथेच आहे.

जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, सैन्य पुराणमतवादी आहे आणि तिथे हे चालू देणार नाही. म्हणजे जे बाहेर गुन्हा नाही, त्यासाठी आतमध्ये नोकरी जाऊ शकते.

जोडीदाराचे काय?

१७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे जवान शहीद झाला, तरी त्याच्या जोडीदाराला पती किंवा पत्नी म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनावर हक्क सांगता येत नाही.

इतर देश

नेदरलँड्सने १९७४ मध्येच बंदी उठवली. ब्रिटनने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी २००० मध्ये ती उठवली, आणि २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जुन्या अन्यायाबद्दल माफी मागितली. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून समलिंगी सैनिक उघडपणे सेवा करू शकतात. शिस्त मोडेल ही भीती तिथेही घातली जात होती. ती सैन्ये आजही उभी आहेत.

आपला संबंध काय?

‘यांच्यामुळे पलटणीची शिस्त बिघडेल’ हा सूर आपल्याला नवा नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पराक्रम कमी पडला म्हणून ती बंदी आली नव्हती, जन्मावरून आली होती.

लैंगिकतेवर मोकळेपणाने बोलण्याच्या हक्कासाठीही बाबासाहेब उभे राहिले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. खटल्याच्या मुळाशी असलेल्या वाचकांच्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. खटला हरला, भूमिका मात्र आजही वाट दाखवते.

काय करता येईल?

सेवेतील व्यक्तीवर कारवाई झाली, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कोणत्याही कबुलीजबाबावर सही करू नये. सेवाविषयक तक्रारींसाठी सशस्त्र बल न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. संमतीचे संबंध कलम ४५ व ४६ मधून स्पष्टपणे वगळावेत, ही मागणी आपण खासदारांकडे लेखी करावी, कारण हा बदल संसद करू शकते. आणि भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलाने वा मुलीने विश्वासाने मन मोकळे केले, तर ती गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी.

समता मागताना आपण कोणाला रांगेबाहेर ठेवले, तर ती आपलीही राहत नाही.

जयभीम.