बॉयलरची भेग आणि पोटातलं बाळ

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत समोरची पाटी वाचत बसलो होतो : ‘अ‍ॅनोमली स्कॅन, १८ ते २० आठवडे’. घरी येऊन या शब्दाचा माग काढू लागलो, तो थेट स्कॉटलंडमधल्या बॉयलरच्या कारखान्यात पोहोचलो.

सोनोग्राफीची रूढ कुळकथा पाणबुडीपासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला ध्वनिलहरी वापरल्या, त्यातून सोनार आलं आणि सोनारमधून सोनोग्राफी. गर्भाच्या सोनोग्राफीचे प्रवर्तक, ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, म्हणून ही कथा खपूनही जाते. माझ्या मते पाणबुडी फार तर पणजी. आई वेगळीच.

बॉयलरच्या जाड पत्र्याच्या पोटात भेग असली तर ती वरून दिसत नाही. पत्रा न कापता ती शोधायला ‘फ्लॉ डिटेक्टर’ असे. ध्वनीचा ठोका आत सोडायचा. भेगेवर आपटून तो लवकर परतला की पडद्यावरच्या रेघेला टोक उठे. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत घालून रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कारखान्यात गेले. तुलनेला कारखान्याने मांसाचा तुकडा आणून ठेवला होता. द्रवाने भरलेल्या गाठीची रेघ वेगळी, भरीव गाठीची वेगळी! अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासह या तपासणीवर लिहिलेला निबंध १९५८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

स्वीडनवाले हरकत घेतील. लुंडच्या एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३मध्येच माल्मोच्या जहाजकारखान्यातलं असलंच यंत्र आणून हृदय तपासलं होतं. हरकत मान्य. पण तिने माझंच म्हणणं पक्कं होतं : तिथेही आधी पोलादच.

आता शब्द. ‘अ‍ॅनोमली’ची फोड पुष्कळ जण ‘अ’ आणि ‘नोमोस’ अशी करतात. ग्रीक नोमोस म्हणजे नियम, म्हणून अ‍ॅनोमली म्हणजे नियमभंग. फोड मोहक आहे, पण चुकीची. खरी फोड ‘अन्’ आणि ‘होमालोस’. होमालोस म्हणजे सपाट, एकसारखं. त्याच्या मुळाशी ‘होमोस’, आपल्या ‘सम’चा सख्खा भाऊ. म्हणजे अ‍ॅनोमली ही असमता. पत्रा तपासणारा शोधत होता ती हीच!

हा नुसता कोशातला वाद नाही. नियमभंग म्हटलं की गुन्हेगार शोधणं आलं. ग्रहणात आईने विळी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हा ठपका त्याच जातीचा. असमतेला गुन्हेगार लागत नाही.

पुढचं थोडक्यात. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १९७२मध्ये कवटी न घडलेला गर्भ सतराव्या आठवड्यात ओळखला. निकोलायडिस यांच्या १९९२च्या कामानंतर गर्भाच्या मानेमागचा द्रव मोजणं रुळलं. याच यंत्रावर मुलगी शोधून पाडण्याचं पापही घडलं; महाराष्ट्राने १९८८मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राने १९९४मध्ये.

वेळेवरच्या तपासणीचा उपयोग असा : हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाल्याचं आधी कळलं, तर बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येतं. जन्मानंतर कळलं तर मोलाचे तास धावपळीत जातात. गर्भपाताचा विचार करावा लागेल इतकं गंभीर व्यंग निघालं, तर चोवीस आठवड्यांपुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं.

बॉयलर पेटवण्याआधी तपासतात. लेकीसुनांची पहिली तपासणीही अकरा ते चौदा आठवड्यांत करून घ्या; पाचव्या महिन्याची वाट पाहू नका.