गर्भाचा चेहरा वाचण्याची विद्या

सोनोग्राफीची यंत्रे सुधारली म्हणून गर्भाच्या चेहऱ्यातील दुर्मीळ व्यंगे कळू लागली, असे आपण सहज मानतो. हे अर्धेच खरे आहे. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी धातूमधील भेगा शोधणारे ध्वनियंत्र रुग्णांच्या पोटावर लावून पाहिले आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. त्या चित्रांत गर्भाच्या डोक्याची गोलाई काय ती ओळखू येई. चेहऱ्यात पाहायचे काय, हे यंत्राबाहेर ठरत होते. पुढचा मेंदू दोन भागांत नीट न विभागलेल्या बाळांचे चेहरे अमेरिकेतील विल्यम डीमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. कुणाचे डोळे अगदी जवळ आलेले, कुणाला एकच डोळा, कुठे नाकाऐवजी सोंडेसारखा उंचवटा. चेहऱ्यावरून बहुतेक वेळा मेंदूची घडण ताडता येते, हे त्यांनी १९६४ मध्ये मांडले. पुढे पडद्यावर दोन डोळ्यांमधले अंतर मोजण्याला अर्थ आला तो या ज्ञानामुळे.

त्रिमिती चित्रांनीच खरी क्रांती केली, असा आक्षेप यावर येईल. पण दुभंगलेल्या ओठाचे जन्मापूर्वीचे निदान १९८१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ऑस्ट्रियाच्या क्रेट्झटेक्निक कंपनीचे त्रिमिती यंत्र बाजारात आले १९८९ मध्ये. त्रिमितीमुळे आईवडिलांना समजावणे फार सोपे झाले, हे मान्यच. तरी ओठ शाबूत आणि फक्त टाळू दुभंगलेला असेल, तर हाडांच्या सावलीत तो आजही बहुधा निसटतो.

दुसरा आक्षेप जड आहे: दिसले की गर्भ नाकारला जाईल. याच यंत्राने मुलींचे काय केले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा इथेच १९८८ मध्ये झाला. पण मुलगी असणे हा आजार नव्हे. ते आधी कळून बाळावर कोणताच उपचार व्हायचा नव्हता. चेहऱ्याच्या व्यंगाचे तसे नाही. खालचा जबडा फारच लहान असेल तर जीभ मागे पडून जन्मताच श्वास कोंडतो. हे आधी कळले तर प्रसूती नवजात-तज्ज्ञ हजर असलेल्या रुग्णालयात ठरवता येते. दुभंगलेला ओठ पहिल्या काही महिन्यांत शिवता येतो, आणि तोवर दूध कसे पाजायचे हे आईला आधीच शिकवता येते. मेंदूच विभागला नसेल, तर पुढे काय वाढून ठेवले आहे हे जाणण्याचा हक्क आईवडिलांचा आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानेही लिंग सांगण्यास बंदी घालताना जन्मजात व्यंगांच्या तपासणीची वाट उघडी ठेवली.