फुप्फुसातील जन्मजात प्रतिकारक्षमता व कृमिसंसर्ग

रोगकारकाशी पूर्वी संबंध आलेला नसतानाही शरीर जो तत्काळ प्रतिकार करते, त्याला जन्मजात प्रतिकारक्षमता म्हणतात. जंत व अंकुशकृमी यांची प्रौढावस्था आतड्यात जात असली, तरी त्यांचे डिंभ (अळीसारखी पूर्वावस्था) आधी फुप्फुसातून प्रवास करतात. तेथे त्यांना होणारा प्रतिकार वैद्यकाला प्रथम लक्षात आला तो मात्र त्यामुळे होणाऱ्या विकारांवरून.

या प्रतिकारातील एक प्रमुख घटक म्हणजे इओसीन या तांबड्या रंजकद्रव्याने रंगणारी इओसिनरागी श्वेत कोशिका. तिचे वर्णन पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये केले. जंताचे डिंभ फुप्फुसात पोहोचतात, हे १९१६ मध्ये स्ट्यूअर्ट यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. जपानमधील कोइनो यांनी १९२२ मध्ये जंताची सु. २,००० अंडी स्वतः गिळली. त्यांना फुप्फुसशोथ झाला व त्यांच्या थुंकीत डिंभ आढळले. १९३२ मध्ये झुरिक येथील लफ्लर यांनी क्ष-किरण चित्रात अल्पकाळ दिसणाऱ्या छाया व रक्तातील इओसिनरागी कोशिकांची वाढ यांचे वर्णन केले. अशा विकाराचे एक कारण जंताचे डिंभ हे असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

भारतातील अशाच एका विकाराचे स्वरूप अधिक गंभीर होते. आंध्र प्रदेशातील मदनपल्ली येथे फ्रिमॉट-मोलर व बार्टन यांनी १९४० मध्ये क्षयाचा भास निर्माण करणाऱ्या, इओसिनरागी कोशिकाधिक्य असलेल्या विकाराची नोंद केली. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ‘उष्ण कटिबंधीय इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. १९६० मध्ये वेल्लोर येथील वेब, जॉब व गॉल्ट यांनी अशा रुग्णांच्या ऊतकांत हत्तीरोगाच्या कृमींसारखे सूक्ष्म डिंभ दाखविले. रक्तात सहसा न सापडणारे हे डिंभ फुप्फुसात अडवून नष्ट केले जात होते. तथापि त्या प्रखर प्रतिक्रियेमुळेच रुग्णास रात्री खोकला व दमा यांचा त्रास होत होता.

या प्रतिकाराचा आरंभ कसा होतो, हे कळण्यास २०१० साल उजाडावे लागले. त्या वर्षी जपान, इंग्लंड व अमेरिका येथील संशोधकांनी उंदरांमध्ये एका नव्या कोशिकागटाचे स्वतंत्रपणे वर्णन केले. आज त्यांना गट-२ जन्मजात लसीकाभ कोशिका म्हणतात. डिंभांमुळे श्वसनमार्गाच्या अस्तराला इजा झाली की, त्यातून इंटरल्यूकिन-३३ हे प्रथिन बाहेर पडते. त्याच्या प्रभावाने या कोशिका इंटरल्यूकिन-५ व १३ निर्माण करतात. पहिल्यामुळे इओसिनरागी कोशिका वाढतात, तर दुसऱ्यामुळे श्लेष्मा अधिक स्रवतो. बृहत् भक्षिकोशिकाही डिंभांना अडविण्यास व क्षत ऊतकाच्या दुरुस्तीस साहाय्य करतात.

हीच यंत्रणा दीर्घकाळ चालू राहिल्यास फुप्फुसात तंत्वात्मक ऊतक वाढून श्वसनक्षमता कायमची घटते. त्यामुळे हत्तीरोगाच्या प्रदेशात या विकाराचे निदान क्षय वा साधा दमा असे न करता डायएथिलकार्बामेझीन हे औषध वेळीच देणे महत्त्वाचे ठरते.